लिहिणाऱ्याने बाहेर बसावे

सर्व संबंधितांस, तसेच ज्यांचा या गोष्टीशी काडीचाही संबंध नाही अशा समस्त मालवण तालुकावासीयांस, अत्यंत गांभीर्यपूर्वक जाहीर करण्यात येते की, या तालुक्यातला पहिला सर्व्हर सन दोन हजार एकमध्ये, आमच्या मच्छीमार सोसायटीच्या कचेरीत, बर्फाच्या कारखान्याला लागून असलेल्या खोलीत, पालथ्या घातलेल्या माशांच्या क्रेटवर, दुपारी सव्वाबारा वाजता सुरू झाला. बारा वाजून वीस मिनिटांनी तो बंद पडला. पहिला असल्याचा दावा आमचा आहे. त्यावर आजवर कोणी हरकत घेतलेली नाही, कारण सर्व्हर म्हणजे काय हे हरकत घेण्याइतपत ठाऊक असलेला माणूस तालुक्यात एकच होता, आणि त्यानेच तो चालू केला होता.

त्या माणसाचं नाव रघुनाथ चिंदरकर. उंच, किडकिडीत, मनगटापर्यंत बटणं लावलेला पांढरा शर्ट, आणि त्या मनगटावर साडेपाच तास मागे चालणारं घड्याळ. आयुष्यभर जहाजांवर बिनतारी अधिकारी होते. बोटीवरची तार म्हणजे चिंदरकर. जहाजांवर उपग्रहावरून बोलणारी यंत्रं आली, तारेची कटकट संपली, आणि चिंदरकर चौपन्नाव्या वर्षी धुरीवाड्यातल्या घराच्या लोट्यावर, म्हणजे ओटीवर, येऊन बसले. घड्याळ मात्र त्यांनी ग्रीनिचच्या वेळेवरच ठेवलं. कोणी वेळ विचारली तर सांगायचे, "पाच वाजले." समोरचा सकाळच्या उन्हाकडे बघत गोंधळला की पुढे म्हणायचे, "तुझे साडेदहा." आपली ती खरी आणि बाकी जगाची ती सोयीची, असा एकूण सूर.

मी सोसायटीचा सचिव. एका सरकारी योजनेतून आम्हाला दोन संगणक मिळाले होते. योजनेने संगणक दिले आणि हात झटकले. आत काय घालायचं ते आमचं आम्ही बघायचं. वर्षभर ते प्लास्टिकखाली झाकून ठेवले होते आणि पंधरा ऑगस्टला पुसले जायचे. एक दिवस चिंदरकर आले, प्लास्टिक उचललं आणि म्हणाले, "ह्येंका असा बांधून कित्याक ठेवलास? बकरे आसत?"

त्यांच्या पिशवीत संगणकाच्या एका मासिकासोबत फुकट आलेली सीडी होती. लिनक्स नावाचा प्रकार. कोणाच्या मालकीचा नाही, कोणीही घ्यावा, उघडून बघावा, बदलावा. आमचे चेअरमन म्हणाले, "फुकट गावता म्हणजे कायतरी खोट आसतली." चिंदरकर म्हणाले, "खोट आसा. बसवक येणा नाय, ही खोट."

ती खोट पुढे पाच महिने पुरली. सीपीयूच्या आत बसवलेलं मोडेम लिनक्सला ओळखच देईना. बाहेरून जोडायचं जुनं मोडेम शोधायला चिंदरकर गोव्यापर्यंत जाऊन आले. मग एक प्रोग्राम बसेना, कारण त्याला दुसरा आधी हवा. दुसऱ्याला तिसरा हवा. तिसरा म्हणाला, पहिला असल्याशिवाय मी येत नाही. मी म्हटलं, "काका, हा तर आपला तहसीलदार कचेरीतला दाखला झाला." चिंदरकरांना ते इतकं आवडलं की त्यांनी तेवढ्यापुरती कडक मुद्रा सोडून दिली आणि पुढचे दोन दिवस प्रत्येक फाईलला 'तलाठी', 'सर्कल', 'नायब' अशी नावं ठेवून कामाला लावलं.

त्यांचा खरा राग होता तो सोबतच्या इंग्रजी माहितीपत्रकांवर. छापलेली पानं समोर ठेवून ते मोठ्याने वाचत, आणि वाचता वाचता त्यांचं मालवणी उसळून वर येई. "आता नेहमीप्रमाणे रचना करून घ्या, म्हणता ह्यो. नेहमीप्रमाणे म्हणजे कोणाच्या? ह्येच्या आवशीच्या?" किंवा, "वाचकाला हे ठाऊक आहेच असं गृहीत धरलं आहे. धर! गृहीत धर! आमचा काय जाता!" आणि चष्मा काढून टेबलावर.

मग त्यांनी वही लिहायला घेतली. लाल कापडी पाठीची, फुलस्केप, दोनशे पानी. डाव्या पानावर काय टाइप करायचं ते, सुट्या ठसठशीत इंग्रजी अक्षरांत, दोन शब्दांमधली मोकळी जागा लाल टिंबाने दाखवलेली. उजव्या पानावर मराठीत, त्यानंतर पडद्यावर काय दिसलं पाहिजे, किती वेळ थांबायचं, आणि तसं दिसलं नाही तर कुठल्या पानावर जायचं. प्रत्येक पानाच्या डोक्यावर तारीख आणि वेळ. वेळ अर्थातच ग्रीनिचची.

कशासाठी एवढा खटाटोप? तर त्या सर्व्हरवर आम्ही होड्यांची नोंद ठेवणार होतो. कुठली होडी कधी समुद्रात गेली, वर किती माणसं, घरचा फोन कोणता. तोंडवलीच्या एसटीडी बूथवरून, देवगडच्या बंदरावरून, तिथल्या संगणकाने टेलिफोन लावून, तिथली माणसं आपापल्या होड्या त्यात भरणार, आणि वादळाची बातमी आली की बाहेर कोण आहे ते आम्हाला एका जागी दिसणार. आधी यासाठी रजिस्टर होतं. ते भरायचं कोणाच्या लक्षात राहत नसे.

आणि वही कशासाठी, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. दुपारी चहा पिताना, मासळीबाजाराबद्दल बोलावं तितक्या सहज.

"मी वॉचवर होतो, तारेच्या पाळीवर. एक तार आली. जवळची बोट. बुडतोय म्हणून. त्याने बोटीचं नाव दिलं, तीनदा. काय झालंय ते दिलं. वर माणसं किती ते दिलं. आपण कुठे आहोत ते दिलं नाही."

"मग?"

"मी विचारलं. परत परत विचारलं. मग तो बंदच झाला." त्यांनी बशी खाली ठेवली. "शिकलेला माणूस होता. हात सुंदर होता त्याचा, तारेवर. पण आपण कुठे आहोत हे स्वतःला इतकं ठाऊक असतं ना, की ते दुसऱ्याला सांगायचं असतं हेच माणूस विसरतो."

अशा वेळी ते प्रमाण मराठीत बोलत, कचेरीत निवेदन द्यावं तसं. मी त्यांची बशी पुन्हा भरली.  

वहीच्या पहिल्या पानावर नियम होता: 'प्रत्येक पान अनोळखी माणसाकडून करून घ्यावे. त्या वेळी लिहिणाऱ्याने बाहेर बसावे.' अनोळखी माणूस म्हणजे इंदू सारंग. आमच्या कचेरीत झाडलोट, चहा, टपाल बघायची. सातवी पास, चाळिशीची, नवरा होडीवर खलाशी. तोंडाने अशी की चेअरमनसुद्धा चहात साखर कमी झाली तर गुपचूप पीत. पान लिहून झालं की चिंदरकर इंदूला खुर्चीत बसवत, वही पुढ्यात ठेवत आणि स्वतः बाहेर जाऊन पायरीवर समुद्राकडे तोंड करून बसत. आतून इंदूचा आवाज येई.

"काकानू, ह्या टिंबाचा काय करू?"

चिंदरकर ढिम्म.

"काकानू! पडदो काळो झालो!"

ढिम्म.

"मेल्यात काय बाहेर?"

मग पाच मिनिटांनी ते आत येत. इंदू जिथे अडली असेल तिथे पेन्सिलीने फुली मारत, आणि ते पान फाडून पुन्हा पहिल्यापासून लिहायला घेत. तिला कधीही समजावून सांगितलं नाही. "तुका समजावलंय तर वही तशीच रवतली अडाणी," म्हणायचे. इंदू म्हणायची, "म्हणजे माका अडाणी ठेवन वही शाणी करतत! बरो न्याय आसा!" पण पदर खोचून पुन्हा बसायची. एक पान तिने अकरा वेळा केलं. चिंदरकरांच्या घरी काकी मला म्हणाल्या होत्या, "माझ्या लग्नाची तारीख इचारून बघा, सांगूक येवची नाय. त्या वहीचा खंयचाय पान इचारा."

वहीत नुसते संगणकाचे आदेश नव्हते. 'मासे हाताळले असल्यास साबणाने दोनदा हात धुवून बसावे.' 'पावसाळ्यात खोलीत साठ वॅटचा दिवा जळता ठेवावा, ओल धरते.' 'प्रत सीडीवर काढावी. सीडीवर बुरशी येते म्हणून ती इंदूच्या घरी तांदळाच्या डब्यात ठेवावी. तांदूळ संपत आल्यास नवे भरेपर्यंत सीडी हलवू नये.' हे वाक्य वाचून आमच्याकडे आलेला एक तरणा इंजिनियर इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं. पण कुठल्याही परदेशी माहितीपत्रकात ही अडचण सोडवलेली नाही, हेही त्याने कबूल केलं.

आता खंडेनवमीची हकीकत. सगळ्यांना माहीत आहे की त्या दिवशी हत्यारं पुसून पूजेला लावायची असतात. कोयती, सुरी, जाळ्याच्या सुया, होडीचं इंजिन. आणि पूजेला लावलेलं हत्यार त्या दिवशी चालवायचं नसतं, त्याला विश्रांती. इंदूने सकाळी सर्व्हर पुसला, हळदकुंकू लावलं, वर झेंडूची भरगच्च माळ घातली, आणि विश्रांती म्हणून भिंतीवरचं बटण बंद केलं. अत्यंत भक्तिभावाने. दुपारी तोंडवलीहून फोन, देवगडहून फोन: होड्या भरता येत नाहीत. चिंदरकर धावत आले. यंत्राला आधी आदेश देऊन, सगळं नीट आवरून मगच बंद करायचं असतं. तसं न केल्याने आतली नोंद विस्कटली होती. ती सावरायला दोन दिवस लागले, आणि त्या दोन दिवसांत समुद्रात कोण आहे हे आम्हाला कळत नव्हतं.

चेअरमन इंदूवर तुटून पडले. ती कोपऱ्यात उभी, हातात तीच माळ. चिंदरकर सर्व्हरपुढे बसलेले होते. ते वळलेसुद्धा नाहीत.

"तिका बोलू नकात," ते म्हणाले. "चूक वहीची आसा."

मग इंदूकडे बघून, "तुझी चूक नाय गो. मी तां लिवकच नाय. नवमीक बंद करतत ह्या माका ठावक नव्हता काय? जल्माक हयसरच इलंय मी. ठावक होता, म्हणानच लिवचा रवला."

वहीत नवीन पान आलं: 'खंडेनवमीस पूजा अवश्य करावी. माळ यंत्राच्या पंख्यासमोर घालू नये. बंद करू नये. यास विश्रांती लागत नाही.'

यानंतरची वर्षं सर्व्हर चालला. मधून मधून बिघडला, सुधारला, एका वहीच्या तीन वह्या झाल्या. आणि एक विचित्र गोष्ट होत गेली, जी मला तेव्हा कळली नाही. वही जसजशी भरत गेली, तसतसं चिंदरकरांना कचेरीत काम उरलं नाही. तरी ते रोज येत, पायरीवर बसत. आत काही अडलं की इंदू वही काढी. पान सापडलं की टकटक सुरू. चिंदरकर बाहेरून कान देऊन असत. टकटक थांबली की मान किंचित वळे. पुन्हा सुरू झाली की पुन्हा समुद्र.

दोन हजार नऊच्या दिवाळीनंतर त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डॉक्टरांच्या सांगण्यावरून गोव्याला नेऊन आणलं. महिन्याभराने मी भेटायला गेलो तेव्हा विरंगुळा म्हणून पहिली वही घेऊन गेलो, आणि ती माझी चूक. त्यांनी डाव्या हाताने वही उघडली. बराच वेळ बघितलं. मग वही फिरवली, उलटी केली, पुन्हा बघितलं. स्वतःचं अक्षर. काकी स्वयंपाकघरात निघून गेल्या. मी पंख्याकडे बघत बसलो. वाचणंही गेलं होतं.

पुढच्या पावसात वीज पडली. कचेरीतला टेलिफोन, मोडेम, सर्व्हर, सगळं जळून गेलं. जिल्ह्याहून दुसरं यंत्र मिळालं, पण ते कोरं. सगळं पहिल्यापासून बसवायचं, आणि तेही नारळी पौर्णिमेआधी, कारण त्या दिवशी नारळ टाकला की होड्या बाहेर पडणार. चेअरमन म्हणाले, "आता हो नाद सोडा. बसवणारो माणूस पडलो हातरुणात. गुपचूप रजिस्टर काढा." मी म्हटलं, वही आहे. ते म्हणाले, "वही मग घाला बंबात. कागदान काय माणूस होता?"

इंदू चहाचे कप गोळा करत होती. म्हणाली, "माझो घोव पुनवेक भायर जातलो. रजिस्टरात त्याचा नाव कोण लिवतलो? तुमी?"

चेअरमननी पौर्णिमेपर्यंत मुदत दिली. नाही जमलं तर यंत्र परत आणि वह्या माळ्यावर.

आणि ही कल्पना माझी होती, हे इथे लिहून ठेवतो: शेवटच्या दिवशी चिंदरकरांना कचेरीत आणायचं. मला वाटलं, त्यांना बरं वाटेल. रिक्षातून आणलं, दोघांनी उचलून खुर्चीत बसवलं, सर्व्हरपासून चार हातांवर. पांढरा शर्ट काकींनी मनगटापर्यंत बटणं लावून घातला होता. घड्याळ कोणी लावलं नव्हतं.

सप्टेंबरात ते गेले. दिवस-कार्य झालं, माणसं आली, चांगलं बोलली. मला त्यातलं फारसं आठवत नाही. मला चिंदरकर दिसतात ते त्या खुर्चीतले.

त्या दिवसापर्यंत इंदूचं वहीवरून यंत्र बसवणं तीन दिवस चाललं होतं. शेवटची वीस पानं उरली होती. ती डाव्या पानावर बोट ठेवून एकेक अक्षर टाइप करी, मग उजवं पान मोठ्याने वाची. 'येथे चार मिनिटे काही होणार नाही. घाबरू नये.' चार मिनिटं आम्ही सगळे घाबरत नसू. मग पडद्यावर एक प्रश्न आला, जो वहीत नव्हता. यंत्र नवं, त्याची डिस्क वेगळी, ते भलतंच काही विचारत होतं. इंदूचे हात थांबले. तिने सवयीने चिंदरकरांकडे बघितलं. त्यांचे डोळे तिच्यावर होते, पण त्यात उत्तर नव्हतं. प्रश्न काय आहे हेही त्यांना वाचता येत नव्हतं. डावा हात खुर्चीच्या हातावर उघडझाप करत होता, बस. चेअरमन दारात उभे राहून घसा खाकरत होते.

इंदूने वही मागे चाळली. पुढे चाळली. पान सत्तावन्न, समासात, बारीक अक्षरात: 'मी न लिहिलेले काही विचारले गेल्यास तो माझा दोष. प्रश्न कागदावर उतरून घ्यावा. तीनदा वाचावा. उत्तरांत "नाही" असल्यास ते द्यावे. "नाही" म्हटल्याने सहसा काही पुसले जात नाही.'

तिने प्रश्न उतरून घेतला. तीनदा वाचला, तिच्या सातवीच्या इंग्रजीत, अडखळत. आणि 'नाही'चं अक्षर दाबलं.

यंत्र पुढे गेलं.

तांदळाच्या डब्यातली सीडी तिने पदराला पुसून आत सरकवली. थोडा वेळ घरघर. मग होड्या यायला लागल्या. तोंडवलीच्या, देवगडच्या, आमच्या दांडी किनाऱ्यावरच्या. एकाखाली एक, मालकाचं नाव, माणसं, फोन. तिच्या नवऱ्याची होडी आली तेव्हा तिने पडद्याला बोट लावलं. चेअरमनसुद्धा आत आले होते. कोणीतरी टाळी वाजवली.

आणि इंदू खुर्चीतून उठली, वळली, चिंदरकरांसमोर जाऊन उभी राहिली, आणि आनंदाच्या भरात एक वाक्य बोलून गेली. त्या वाक्यावर चिंदरकर हसले की रडले, यावर आमच्यात अजून एकमत नाही. अर्धं तोंड हलत नसलं की दोन्ही सारखंच दिसतं. इंदू शपथेवर सांगते, हसले.  मी जवळ होतो, मी डोळे बघितले, आणि मलाही सांगता येत नाही. आठ-नऊ वर्षं त्यांनी ज्यासाठी पानं फाडली ते त्या वाक्यात पुरं झालं होतं, एवढं खरं. ती दोन्ही हात वर करून, सबंध कचेरीला ऐकू जाईल अशी ओरडली होती:

"काकानू, बघल्यात? तुमची गरजच लागूक नाय!"